आसूड पावसाळ्यात कसा जपावा

रत्नागिरी,
वैशाख

चि. बाळास,

गावच्या घराची जबाबदारी घेतल्यावर आजोबांचे दोन आसूड आणि बैलांचे घुंगरांचे पट्टे भंगारात न टाकता जपायचे तू ठरवलेस, हे कळून फार समाधान वाटले. मृग नक्षत्र आता तोंडावर आले आहे. कोकणात चामडे पावसाळ्यातच कुजते, म्हणून हे पत्र उशीर न करता लिहितो आहे.

पहिली गोष्ट मनावर ठसव. आपल्याकडे चामड्याला तेलापेक्षा वारा जास्त लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ती ६५-७० टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिली की चामड्यावर बुरशी धरते. लोक मात्र ‘सुकेल, तडकेल’ या भीतीने खोबरेल चोळतात आणि वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. बुरशीला खाद्य, ओल आणि कोंडलेली हवा एकाच वेळी मिळते.

हे आसूड जुन्या पद्धतीने कमावलेल्या चामड्याचे आहेत. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्यातले तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट बांधते, म्हणून ते कच्च्या कातड्यासारखे सहज कुजत नाही. कापलेली कड पाहा, ती आतपर्यंत तपकिरी दिसेल. क्रोमियमने कमावलेले असते तर बहुधा आतला भाग निळसर-करडा दिसला असता. तुरट द्रव्याचे लोखंडाशी जमत नाही. ओलसर चामडे लोखंडी खिळ्याला टेकले की तिथे काळानिळा डाग पडतो आणि तो सहज निघत नाही. पितळेला चामड्यातले तेल लागले की हिरवा मेणचट थर येतो. तुझ्या पट्ट्यांवर घुंगरांच्या मुळाशी तो असणार. तो लाकडी काडीने अलगद खरवड, चाकू लावू नकोस.

आता साफसफाई. आधी मऊ कोरड्या ब्रशने वेणीच्या पेडांमधली धूळ काढ. मग घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसून घे. समुद्रावरच्या वाऱ्यातले मीठ आणि हातांचा घाम एवढ्याने निघतो. आसूड पाण्यात बुडवायचा नाही. कपड्यांचा साबण आणि सोडा तर वर्ज्यच, कारण कमावलेले चामडे मुळात किंचित आम्ल असते आणि क्षाराने त्यातले तुरट द्रव्य सुटू लागते. चुकून भिजलाच, तर वेणी सरळ करून सावलीत पंख्याखाली सुकव. ऊन, चूल, इस्त्री यांच्या जवळ नेऊ नकोस. ओले चामडे तापले की तंतू आकसतात आणि ते शिंगासारखे टणक होते. मग कितीही तेल घातले तरी ते परत मऊ होत नाही.

पांढरा थर दिसला की घाबरून लगेच पुसायला धावू नकोस, आधी तो काय आहे ते ओळख. केस वाळवायच्या यंत्राची अगदी कोमट हवा लांबून दे. थर वितळून दिसेनासा झाला तर ती तेलातली गोठलेली चरबी आहे. कोरड्या फडक्याने पुसली की काम झाले. तसाच राहिला, लवेसारखा दिसला आणि कुबट वास आला तर बुरशी समज. मग नाकातोंडाला मास्क लावून वस्तू अंगणात ने, पूर्ण सुकू दे, ब्रशने झटक आणि पाणी मिसळलेल्या स्पिरिटचा कापूस हलक्या हाताने फिरव. त्याआधी कुठेतरी न दिसणाऱ्या जागी लावून रंग सुटतो का ते बघ. स्पिरिट पेटते, तेव्हा जवळपास चूल किंवा देवाचा दिवा नको.

तेलाचे काम पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर कर. पूर्वी बैलांच्या साजाला एरंडेल लावत. आज बाजारात गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल मिळते, ते बरे. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते आणि स्वयंपाकाची तेले काही दिवसांनी खवट, चिकट होतात, म्हणून दोन्ही टाळ. तेल फडक्यावर थोडेच घे, वेणीवर पेडापेडाने बोटांनी जिरव, एक दिवस ठेवून उरलेले पुसून टाक. चामडे तेलाने ओथंबले की वेणी सैल पडते आणि धूळ धरते. जुन्या चामड्यावरून हात फिरवल्यावर तांबूस भुकटी निघत असेल, तर त्याचे तंतूच विरले आहेत. तेलाने ते सांधत नाहीत. अशी वस्तू हाताळायची थांबव आणि सुती कापडात ठेवून दे.

ठेवण्याची जागा मी सांगतो तीच कर. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको, माजघरातल्या आतल्या भिंतीला लाकडी जाड खुंटी ठोक. तिच्यावर आसूड मोठ्या सैल वळशात टांग, म्हणजे वेणीला तीक्ष्ण घडी पडणार नाही. वरून पातळ मलमलीचे कापड घाल. पावसाळाभर दर आठवड्याला तो उतरवून पाहायचा. घर फार दमट असेल तर कपाटात विजेचा तारवाला छोटा दिवा चामड्यापासून आणि कापडापासून लांब लाव. थोड्या उबेने आतली आर्द्रता उतरते. डबा वापरायचाच तर चामडे पूर्ण सुकलेले हवे, आत सिलिका जेलच्या पुड्या हव्यात आणि त्या वेळोवेळी बदलल्या पाहिजेत.

पेड तुटला तर गोंद लावू नकोस. गावात चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे ने, सांगेल तेवढी मजुरी दे, त्यांच्याशी आदराने बोल. ज्यांच्या हातांनी हे चामडे टिकले, त्यांना समाजाने शतकानुशतके दूर ठेवले. ती चूक आपल्या पिढीने पुन्हा करू नये.

शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. हा आसूड जपण्यासाठी आहे, बैलावर ओढण्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवून शर्यतींचा मार्ग मोकळा केला, पण शर्यतीच्या नियमांत चाबूक आणि काठी चालवायला मनाईच आहे. जनावराच्या पाठीवर वळ उठवून मिळवलेल्या वेगात मोठेपण नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा त्यांचा रोख शेतकऱ्याला नागवणाऱ्यांवर होता. घरातल्या मुलांना आसूड दाखवशील तेव्हा हे सगळे त्यांना सांग.

मृगाचा पहिला पाऊस येण्याआधी दोन्ही आसूड आणि पट्टे पुसून, सुकवून खुंटीला लाव आणि काम झाले की मला कळव.

तुझा
काका