बसवणे, प्रतिष्ठा आणि शुद्धी

संस्कृतच्या तासाला 'प्राणप्रतिष्ठा' हा शब्द फळ्यावर आला, तेव्हा मला आईची आठवण झाली. ती हा शब्द कधी उच्चारत नाही. तिचे आपले "गणपती बसवला", "घट बसवले". शिकलेल्यांचा शब्द निराळा म्हणून मी आधी जरा ओशाळलो. पण 'प्रतिष्ठा' हा शब्द 'स्था' या धातूपासून आला आहे. म्हणजे स्थिर करणे, बसवणेच की! आईचे मराठी काही चुकत नव्हते.

'अभिषेका'त शिंपणे आहे. 'अर्पणा'त वस्तूवरचा आपला हक्क सुटतो. या शब्दांत वस्तू आधी वाईट होती असे गृहीत नाही. गणपती बसण्यापूर्वी नुसती माती असते, विटाळलेली माती नव्हे.

'शुद्धी'चे तसे नाही. तिला आधी अशुद्धी लागते, आणि अशुद्धीला बहुधा माणूस लागतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली.

गंमत अशी, की आपण या सगळ्यालाच 'पवित्र करणे' म्हणतो, आणि 'पवित्र'मधला 'पू' धातू शुद्ध करण्याचाच आहे.

माझ्या आजोबांचा हात लागला की गावात कळशी चिंचेने घासून घेत. त्याला मात्र कोणी संस्कृत शब्द वापरीत नसे. कळशी 'बाटली' एवढेच म्हणत.