छतावरची डिश, संगणकावरचं वेळापत्रक

प्रश्न : घरी डीडी फ्री डिश आहे. ‘सह्याद्री’वर कधी काय लागणार, हे संगणकावर फुकट पाहता येईल का? – एक वाचक, वरवंड

उत्तर : येईल. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडं नाही आणि ‘टीव्हीहेडएंड’ हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. खर्च होतो तो डिशचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरचा.

आधी डिश तपासावी. ही सेवा ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे; वरवंडहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर येतो. मग सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनर निवडून वाहिन्या शोधाव्यात आणि प्रक्षेपणासोबत येणारी कार्यक्रम-माहिती वाचणारा ‘ओव्हर-द-एअर ग्रॅबर’ सुरू करावा.

वाहिनी जेवढी माहिती पाठवते तेवढीच दिसते. काही रकाने रिकामे राहतात, तिथे एक्सएमएलटीव्ही या स्वरूपातली वेळापत्रकाची फाइल जोडता येते.

इथेच बहुतेकांची फसगत होते! फाइलमधल्या भारतीय वेळेपुढे ‘+०५३०’ नसेल, तर सॉफ्टवेअर ती जागतिक वेळ समजतं आणि संध्याकाळी सातच्या बातम्या रात्री साडेबाराला दाखवतं. यादी बरोबर साडेपाच तास पुढे सरकलेली दिसली, तर ट्यूनरला हात न लावता आधी हा आकडा पाहावा.