परियटच्या काठावर पक्षी मोजताना

कॅडेट मित्रांनो, खमरियाजवळच्या परियट जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे दिसतात. ते मोजायचे कसे? एकेक करून मोजू गेलात, तर निम्म्यातच थवा उडतो. आधी दहा पक्षी मोजा, त्यांनी पाण्यावर व्यापलेली जागा नजरेत भरा आणि तेवढेच तुकडे साऱ्या थव्यावर मांडत जा. थवा मोठा असेल, तर तुकडा शंभराचा घ्या. मैदानावर अंतराचा अंदाज घेतो, तसाच हा सराव. नवखा बहुधा कमीच मोजतो.

काळा, पांढऱ्या चोचीचा तो वारकरी. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. नारिंगी रंगाचा चक्रवाक. ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी बदक’ लिहा. काहीच दिसले नाही, तर शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे पाहणीच झाली नाही.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. महिना आणि जागा तीच, म्हणून तुलना जमते. यंदा ३०० चे ५०० लिहिलेत, तर पुढच्या वर्षीचे खरे ३०० म्हणजे घट वाटेल. आकड्यांना वजन आहे: १९७१ च्या रामसर कराराची एक कसोटीच अशी, की पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी असावेत. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ.

सकाळी लवकर निघा, ऊन पाठीशी ठेवा. एकाने दुर्बीण धरावी, दुसऱ्याने वही. आणि पाण्यात उतरू नका. परियटमध्ये मगरी आहेत. त्याही वहीत लिहा.