ऐतिहासिक वास्तू चालवायची कशी?



भोरचा राजवाडा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. १९४८ साली पंत सचिवांचे संस्थान विलीन झाले, वाडा मात्र उभा राहिला. जुनी वास्तू टिकणे ही एक गोष्ट आणि ती लोकांना दाखवीत टिकवणे ही दुसरी. दुसरे काम अधिक कठीण आहे. ज्या वास्तूंशी आपला जिव्हाळा आहे, त्यांच्या उदाहरणांतून ते समजून घेऊ.

१) शेजाऱ्यांची संमती व कायदा : लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केले. पण ते राहण्याचे घर. त्याचे संग्रहालय करण्यास तेथील नगरपरिषदेची परवानगी लागते. गर्दी व आवाज यांविषयी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८ साली परिषदेने परवानगी नाकारली. अपील झाले, चौकशी झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. बोध हा की, भावना कितीही उदात्त असो, कागद आधी पुरा करावा. येणाऱ्यांची संख्या आणि वेळ आधी ठरवावी.

२) पहारा : मुंबईतील दादरचे 'राजगृह' बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू लोकांना पाहता येतात. ७ जुलै २०२० रोजी तेथे समाजकंटकांनी कुंड्या, काचा आणि कॅमेरा यांची मोडतोड केली. आपल्याला संताप आला, तो योग्यच होता. पण संताप म्हणजे पहारा नव्हे. दारावर नेमलेला माणूस, रात्रीचा दिवा व चालू कॅमेरा ही रोजची कामे आहेत.

३) माणसे : लहान वास्तूलाही चार कामे असतात. दाराशी नोंद घेणारा, माहिती सांगणारा, साफसफाई व दुरुस्ती पाहणारा आणि हिशेब ठेवणारा. एकाच माणसावर सारे टाकू नये. तो आजारी पडला की कुलूप लागते. पाळ्या लावाव्यात. माहिती सांगणाऱ्याने ठाऊक नसलेली गोष्ट रचून सांगू नये. 'पाहून सांगतो' म्हणण्यात कमीपणा नाही. ज्यांनी आपल्याला पुराव्याने बोलायला शिकवले, त्यांच्या घरात दंतकथा शोभत नाहीत.

४) वस्तूंची काळजी : प्रत्येक वस्तूला क्रमांक, नोंदवहीत तिचे वर्णन आणि छायाचित्र असावे. नोंद नसलेली वस्तू हरवली तरी कळत नाही. कागद व कापड यांवर ऊन पडू देऊ नये. संग्रहालयांत त्यांवरील प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच ठेवतात. उडालेला रंग परत येत नाही. आपल्या भोर-वेल्ह्याचा पाऊस ठाऊकच आहे : मृगापूर्वी कौले व पन्हळी पाहाव्यात, ओल आणि वाळवी दर आठवड्याला तपासावी. जुन्या लाकडी माडीवर एका वेळी थोडीच माणसे सोडावीत.

५) पैसा : उद्घाटनाला देणगी मिळते; विजेचे बिल मात्र दरमहा येते. म्हणून वर्षाचा खर्च आधी मांडावा, मगच दार उघडावे.

पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिसचे डॉ. आंबेडकर संग्रहालय आहे. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तेथे जपल्या आहेत. ज्या खुर्चीवर ते बसले ती मोडली, तर तशी दुसरी करता येईल. ती मात्र परत मिळणार नाही. जयंतीला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. इतर दिवशी धूळ पुसणारे हात हवेत.

स्वाध्याय : हे संग्रहालय पाहून या. तेथील माणसे कोणकोणती कामे करतात ते वहीत लिहा आणि त्यांपैकी कोणते काम आपण करू शकाल ते ठरवा.