प्रवाळभित्तीवरील पारध

पाण्याखाली उतरलेल्या निरीक्षकाला शिकारीचा प्रत्यक्ष क्षण क्वचितच नीट दिसतो. मोठ्या माशाचे तोंड उघडते, पाण्याचा लोट आत ओढला जातो आणि त्याबरोबर भक्ष्यही नाहीसे होते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे उरकते. म्हणून शिकारीचा अर्थ जाणून घ्यावयाचा, तर तिच्या आधीच्या हालचाली धीराने पाहाव्या लागतात.

तांबड्या समुद्रातील प्रवाळभित्तीवर याचे एक लक्षणीय उदाहरण आढळते. तेथील हेकरू मासा दिवसा शिकार करतो. उघड्या पाण्यात त्याची झेप चुकविणे कठीण. परंतु लहान मासा प्रवाळाच्या फटीत शिरला, की हेकरूचे रुंद शरीर बाहेरच अडते. मोरे नावाचा सर्पाकृती मासा फटींतून सहज सरपटतो. तो बहुधा रात्री शिकार करतो व दिवसा बिळात विसावतो.

रेदुआन बशारी व त्यांचे सहकारी यांचा या माशांविषयीचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. भुकेला हेकरू मोरेच्या बिळाशी जाऊन त्याच्यासमोर डोके जलद हालवितो, असे त्यांना आढळले. पुष्कळदा मोरे बाहेर येतो आणि दोघे बरोबर निघतात. भक्ष्य एखाद्या फटीत दडले, तर हेकरू त्या जागी डोके खाली करून उभा राहतो व ती जागा दाखवितो, हे २०१३ सालच्या लेखात नोंदविलेले आहे.

भक्ष्याची वाटणी मात्र होत नाही. ज्याला ते सापडते, तो ते अख्खे गिळतो. तरीही या सोबतीत दोघांचा लाभ असतो. लहान माशाला आत मोरेचे भय, बाहेर हेकरूचे.

या साऱ्या व्यवहाराचा आधार म्हणजे प्रवाळातील फटी. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले, की प्रवाळ पांढरे पडतात. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. मेलेला प्रवाळ कालांतराने झिजून ढासळतो. मग लहान माशांचा आसरा जातो, त्यांची संख्या घटते आणि त्यांच्यावर जगणारा शिकारीही उपाशी राहतो. भक्ष्याला वाचविणारी फटच अखेर भक्षकालाही पोसत असते.