शेकाच्या खर्चात आतडंही धरा

कॅन्सरसाठी ओटीपोटाला शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितला की घरचे आधी एकच विचारतात, मशीनचे किती लागतील? तो खर्च बऱ्याच घरांत महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत योजनेतून भागतो. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच आहे. नागपुरातलं मेडिकल, तुकडोजी किंवा जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट, उपचार कुठेही ठरोत, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. मदत क्रमांक 155388.

खिशाला खरी झळ लागते ती आतड्यापायी, आणि ती आधी सांगणारं फार कमी भेटतं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला शेक साधारण आठवड्यातून 5 दिवस, असा 5 आठवडे चालतो. उमरेडहून किंवा काटोलहून रोज ये-जा केली तर दोघांची 100 तिकिटं होतात. एसटीत बाईला अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना पूर्ण माफ. पण शेक आतड्यालाही लागतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पातळ जुलाब, मुरडा, आव सुरू होते. आत्ताच जाऊन आलेल्या बाईला पुन्हा कळ येते, आणि एसटीत संडास नसतो. म्हणून माझं सांगणं असं की, भाड्याच्या खोलीचे पैसे पूर्ण काळ पुरणार नसतील तर ते शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखा. खोलीतच संडास हवा. लांबून येणाऱ्यांना रेल्वे बरी. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण, सोबत्याला 75 टक्के सवलत आहे. फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा.

या दिवसांतलं औषध महाग नसतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा, पेल्यात थोडंथोडं नको. जुलाब थांबवणारी लोपरामाइड डॉक्टरांना विचारूनच. ताप किंवा रक्त असेल तर आधी दवाखाना. सावजी रस्सा आणि तर्री काही दिवस बाजूला. मऊ वरण-भात, केळं, पेज चालतं. दूध सोसत नसेल तर सोडा. बहुतेकांचं पोट शेक संपल्यावर काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत ताळ्यावर येतं.

काहींचं येत नाही. काहींना मधले महिने बरे जाऊन वर्षा-दोन वर्षांनी संडासवाटे रक्त पडू लागतं. तेव्हा योजनेचं पहिलं पॅकेज कधीच संपलेलं असतं. आरोग्यमित्राला नव्याने विचारावं लागतं. आतड्याच्या या उशिराच्या त्रासाचा धोका कमी करता येतो. टाटा मेमोरियलने 2011 ते 2019 दरम्यान शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या 300 स्त्रियांचा अभ्यास केला. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या थ्री-डी पद्धतीत 42 टक्के, तर आयएमआरटी या जास्त नेमका शेक देणाऱ्या पद्धतीत 21 टक्के स्त्रियांना झाला. म्हणून शेक सुरू होण्याआधीच विचारा: मला आयएमआरटी मिळेल का, ते योजनेत बसतं का? रोज मूत्राशय भरून यायला सांगितलं असेल तर तेही पाळा. त्याला पैसा लागत नाही, आणि लहान आतडं बाजूला सरकतं.

पुढे कधी रक्त दिसलं तर मूळव्याध समजून जडीबुटीत पैसे घालू नका. पोटाच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की शेक घेतला होता. शेकलेल्या जागेचा तुकडा तपासणीला काढला तर कधीकधी जखम भरत नाही, हे त्यांना वेळेत कळायला हवं. सुक्राल्फेटचा एनिमा, दुर्बिणीतून रक्तवाहिन्या जाळणं, असे इलाज आहेत. सारखे जुलाब होत असतील तर पित्तक्षार आणि बी-12 बद्दल विचारा.

शेकाची मात्रा किती ग्रे, किती फेऱ्या, कोणती पद्धत हे लिहिलेला कागद शेक संपेल त्या दिवशीच मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.