पुराचा नकाशा आपल्या गल्लीपर्यंत आणू या

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नाही. म्हणून 'मुंबईत किती पाऊस पडणार' एवढे कळून भागत नाही. आपल्या गल्लीत पाणी कुठून शिरेल, किती चढेल, हे कळले पाहिजे.

पुराचे नकाशे जमिनीचा चढउतार, नाले, भरती आणि जुन्या पावसाच्या नोंदी यांवरून काढतात. पण त्या नोंदी कमी तापलेल्या हवेच्या आहेत. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते, आणि मग थोड्या वेळात धो धो कोसळते. समुद्रही चढतो आहे. मोठ्या भरतीला नाल्याचे पाणी बाहेर पडत नाही, उलटे वस्तीत फिरते. म्हणून शास्त्रज्ञ आता संगणकावर पाऊस आणि समुद्र वाढवून पाहतात आणि पाणी कुठवर पसरेल ते मांडतात. त्यातून तारीख कळत नाही, धोक्याची जागा कळते.

मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या वातावरण कृती आराखड्यात पुराचा आणि उष्णतेचा असा विचार आहे. पण शहराच्या नकाशात आपला नळ दिसत नाही. तो आपणच काढायचा.

२००५ चे पाणी कुठवर होते, हे वस्तीतल्या आजीबाईंना भिंतीवर बोट ठेवून सांगता येते. तिथे रेघ मारू. तिच्यावर हातभर उंच दुसरी रेघ मारू. ही आपली सावधगिरीची, शास्त्रज्ञांची नव्हे. दुसऱ्या रेघेखाली काय काय येते? विजेचा मीटर, धान्याचा डबा, शौचालयाची टाकी, गटारातून गेलेली नळाची पाइप. आजार इथूनच घरात येतो. पाणी ओसरल्यावरही पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टोचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या माणसांना हा धोका रोजचाच. पाण्यातून चालले असाल तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात विचारा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरच ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर आधी तसे सांगा. नंतर ताप आला तर 'पाण्यातून चाललो होतो' हे न विसरता सांगा.

अंथरुणाला खिळलेले, गरोदर, डायलिसिसवाले कोणत्या घरात आहेत आणि त्यांना कोण उचलणार, हेही नकाशावर लिहू. एक प्रत विहारात लावू. दुसरी नालेसफाईच्या अर्जासोबत मे महिन्याच्या आत वॉर्ड ऑफिसला देऊ आणि शिक्क्याची पोच घेऊ.